पुन्हा पहिल्यापासून : एका निन्जा-खेळाविषयी खेळणाऱ्यांची मते

आमच्या घरात 'खेळ' हा शब्द बहुधा तक्रारीच्या सुरातच उच्चारला जातो. "खेळ पुरे, पुस्तक घे," असे आई म्हणते, "हा काय खेळ मांडलाय?" असे बाबा म्हणतात. त्यातून तो खेळ मैदानावरचा नसून पडद्यावरचा, म्हणजे व्हिडिओ गेम असला, तर मग विचारूच नका! तेव्हा या वार्षिकांकासाठी मी हा विषय सुचविला, त्या वेळी मैत्रिणी हसल्या यात नवल नाही. "लिहायचं तर ओव्यांवर लिही, स्त्रीशिक्षणावर लिही. निन्जावर काय लिहिणार?" असा त्यांचा प्रश्न होता. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उत्तर समजावे.

नाटक पाहून आलेली माणसे नाटकाविषयी वाद घालतात. कादंबरी वाचलेली माणसे तिच्या शेवटाविषयी भांडतात. या भांडणालाच आपण प्रतिष्ठेने 'समीक्षा' म्हणतो आणि तिच्यावर दहा गुणांचा प्रश्नही येतो. मग ज्या खेळाविषयी जगभरचे खेळाडू गेली पस्तीसहून अधिक वर्षे हिरिरीने वाद घालीत आहेत, त्या वादाकडे आपण एकदा तरी गंभीरपणे पाहू नये काय? हा खेळ म्हणजे 'निन्जा गायडेन'. तो विलक्षण वेगवान आहे आणि विलक्षण अवघडही आहे. तो इतका अवघड असावा की नसावा, याच प्रश्नावर खेळणाऱ्यांचे दोन तट पडले आहेत. कोपरच्या आमच्या दोन खोल्यांतही हे दोन तट आहेत. एका बाजूला माझा मामा आहे, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ, आणि मधे मी.

निन्जा म्हणजे कोण?

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. मध्ययुगीन जपानात शत्रूच्या गोटात शिरून बातमी काढणारे, गडावर चोरवाटेने चढणारे, प्रसंगी घातपात करणारे लोक होते. त्यांना 'शिनोबी' म्हणत. 'निन्जा' हे त्याचेच दुसरे रूप. इगा आणि कोगा हे दोन प्रदेश त्यांच्यासाठी प्रसिद्ध होते. आपल्याकडे शिवकालातील हेरगिरीची गोष्ट निघाली की बहिर्जी नाईकांचे नाव येते. तशाच जातीचे हे काम. हेराचे खरे कौशल्य दिसू नये यात असते. त्यामुळे चित्रांत आणि सिनेमांत दिसतो तो नखशिखान्त काळा पोशाख घालून हेर खरोखर हिंडत असतील, हे संभवत नाही. वेष पालटून चारचौघांत मिसळणे हीच त्यांची विद्या. पण करमणुकीच्या जगाने त्यांना काळे कपडे चढविले, पाठीवर तलवार दिली आणि भिंतीवरून उड्या मारायला लावले.

'निन्जा गायडेन' हा या करमणुकीच्या निन्जाचा खेळ आहे. जपानच्या टेक्मो कंपनीने तो १९८८ साली काढला. 'गायडेन' या जपानी शब्दाचा अर्थ मुख्य कथेच्या कडेची उपकथा. गंमत अशी की जपानमध्ये या खेळाचे नाव वेगळेच होते, आणि युरोपात तर 'निन्जा' हा शब्दच गाळून त्याला 'शॅडो वॉरियर्स' असे नाव देण्यात आले.

नायकाचे नाव र्‍यू हायाबुसा. कथेच्या आरंभी चांदण्या रात्री दोन योद्धे एकमेकांवर झेप घेतात आणि त्यांतला एक पडतो. तो र्‍यूचा बाप. बापाने मागे ठेवलेल्या पत्रात लिहिलेले असते, की तलवार घे, अमेरिकेला जा आणि अमुक एका पुरातत्त्वज्ञाला भेट. आज यात विशेष काही वाटणार नाही. परंतु त्या काळच्या बहुतेक खेळांत कथा म्हणजे डब्यावर छापलेल्या चार ओळी. इथे दोन अंकांच्या मधे सिनेमासारखी चालती दृश्ये होती, आणि पुढची गोष्ट समजावी म्हणून लोक हट्टाने खेळत राहिले. एकूण सहा अंक आणि त्यांत वीस टप्पे, अशी त्याची रचना आहे.

मामाचे मत

मामा आज पंचेचाळिशीचा आहे. इलेक्ट्रिशियनचे काम करतो. १९९०च्या दशकात तो शाळेत असताना डोंबिवलीला राहात असे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचे, घरच्या टीव्हीला जोडायचे यंत्र काढले होते. त्याच धर्तीची स्वस्त यंत्रे आपल्याकडे 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी आली. लोक त्यांना सरळ 'टीव्ही गेम' म्हणत. खेळ कॅसेटमध्ये असे. कॅसेट चालली नाही तर तिच्यात फुंकर मारायची, ही त्या काळची सर्वमान्य दुरुस्ती! मामाने असे एक यंत्र कोणाकडून तरी वापरलेले घेतले होते आणि कृष्णधवल टीव्हीला जोडले होते. त्याचा निन्जा निळा आहे हे त्याला पुष्कळ वर्षांनी कळले.

"पोरी, हा खेळ खेळायचा नसतो, पाठ करायचा असतो. दोनाच्या पाढ्यासारखा," असे मामाचे मत. याचा अर्थ नीट समजावून सांगितला पाहिजे.

या जुन्या खेळात शत्रू नेमक्या ठरलेल्या जागी येतात. पडदा अमुक एका ठिकाणापर्यंत सरकला की तलवारवाला येणार, आणखी चार पावलांवर पक्षी येणार, हे कधीही बदलत नाही. पण तुम्ही घाबरून दोन पावले मागे आलात आणि ती जागा पडद्याबाहेर गेली, की मारलेला शत्रू पुन्हा जिवंत होऊन येतो! म्हणजे कचरणाऱ्याला शिक्षा आहे. दुसरी गोष्ट याहून दुष्ट आहे. शत्रूचा फटका बसला की र्‍यू मागे फेकला जातो. सपाट जमिनीवर याने थोडी शक्ती कमी होते, इतकेच. पण खड्ड्यावरून उडी मारीत असताना एखादा पक्षी छातीवर आदळला, तर तो सरळ खड्ड्यात पडतो आणि मरतो. 'निन्जा गायडेनचे पक्षी' ही जगभरच्या जुन्या खेळाडूंची समान दुखरी आठवण आहे. मामाला ते पक्षी अजून आठवतात. त्यांना तो जी विशेषणे लावतो ती या अंकात छापता येणार नाहीत.

तिसरी गोष्ट म्हणजे सहावा अंक. शेवटच्या राक्षसांपाशी पोचून तुम्ही हरलात, तर खेळ तुम्हाला त्यांच्या दारात उभे करीत नाही. तो तुम्हाला सहाव्या अंकाच्या अगदी आरंभी नेऊन सोडतो. सगळी वाट पुन्हा! मामा म्हणतो, त्या एका अंकात त्याची उन्हाळ्याची एक पूर्ण सुट्टी गेली.

पण एक सवलत खेळाने दिली होती. कितीही वेळा मेलात तरी 'पुन्हा खेळा' म्हणण्याची मुभा होती, तिला मर्यादा नव्हती. मामाचा सगळा युक्तिवाद या सवलतीवर उभा आहे. "त्यानं मला कधी हाकललं नाही. पुन्हा पहिल्यापासून ये म्हणाला, पण ये म्हणाला!" आणि म्हणून, ज्याने तो खेळ पुरा केला त्याने तो खरोखरच केला. त्यात कोणाची शिफारस नाही आणि वशिला नाही. मामासारख्या दहावीला दोनदा बसलेल्या मुलाला ही गोष्ट किती मोलाची वाटली असेल, हे मला आता कुठे समजते.

अवघडपणा कोठून आला?

इथे थोडे विषयान्तर करून कारणमीमांसा केली पाहिजे. खेळ अवघड करण्याची प्रथा मुळात पार्लरमधून आली. पार्लरमधल्या उभ्या पेटीत नाणे टाकावे लागे. खेळाडू जितका लवकर मरेल तितके पुढचे नाणे लवकर पडेल, असा साधा हिशेब होता. 'निन्जा गायडेन'ची अशी पेटीतली आवृत्तीही १९८८ सालीच निघाली होती. तिच्यात हरल्यावर दिसणारे दृश्य कुप्रसिद्ध आहे. नायक जखडून पडलेला आहे, वरून फिरती करवत खाली येते आहे आणि आकडे उलटे मोजले जात आहेत. करवत टेकण्याच्या आत नाणे टाका! इतका उघड हिशेब आमच्या गल्लीतला वाणीदेखील मांडीत नाही.

घरच्या यंत्राला नाणे लागत नव्हते. मग तिथे अवघडपणा कशाला? कारण जागा. त्या कॅसेटमध्ये अवघे अडीचशे किलोबाइटच्या आसपास सामान मावत असे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढ्याशा जागेत वीस टप्पे बसविले, तरी तरबेज खेळाडू ते पाव तासाच्या आत संपवितो. तोच खेळ नवख्याला महिनोन् महिने पुरावा, तर त्याला पावलोपावली अडविल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

आणि अवघडपणा हा सर्वांना सारखा वाटलेला नव्हता, याचाही पुरावा आहे. या मालिकेचा तिसरा खेळ १९९१ साली आला. जपानमधल्या आवृत्तीत पुन्हा खेळण्याच्या संधी अमर्याद होत्या आणि मधूनच सुरुवात करण्यासाठी परवलीचे शब्द होते. अमेरिकेत तोच खेळ गेला तेव्हा संधी मर्यादित झाल्या, परवलीचे शब्द काढले गेले आणि शत्रूचे फटके जास्त जोराने लागू लागले. एकच पेपर, पण दोन केंद्रांवर तपासणी वेगळी, असा हा प्रकार झाला. तेव्हा "अवघड आहे म्हणूनच खरा आहे" असे म्हणणाऱ्याने, तो अवघड कोणी केला आणि कशासाठी केला, हेही विचारावयास हवे.

धाकट्याचे मत

माझा धाकटा भाऊ बारावीला आहे. त्याने मामाचा खेळ मोबाइलवर खेळून पाहिला आणि दोन दिवसांत सोडला. "ताई, ही घोकंपट्टी आहे," असे त्याचे मत. त्याला आवडतो तो याच नावाचा २००४ सालचा खेळ.

तोमोनोबू इतागाकी या दिग्दर्शकाच्या 'टीम निन्जा'ने तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या यंत्रासाठी केला. जुन्या खेळात फक्त डावे-उजवे आणि वर-खाली होते; इथे सर्व दिशांना मोकळे त्रिमिती जग आहे. नायक तोच, पण शत्रू बदलले. ते ठरलेल्या जागी येऊन मुकाट मरत नाहीत. तुम्ही ढाल धरल्यासारखे नुसते बचावात राहिलात तर ते तुम्हाला पकडून आपटतात. एकाशी लढत असताना दुसरा मागून वार करतो. त्यामुळे पाठ करून भागत नाही. समोरचा काय करतो आहे ते बघून क्षणार्धात उत्तर द्यावे लागते.

'क्षणार्ध' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. पडद्यावरची हालचाल म्हणजे वेगाने बदलणारी स्थिर चित्रे. या खेळात ती सेकंदाला साठ बदलतात. शत्रूने तलवार उचलल्यापासून ती लागेपर्यंत अशी मोजकीच चित्रे जातात, आणि तेवढ्यात डोळ्याने पाहून बोटाने कळ दाबायची असते. ज्यांना कोपरच्या फलाटाची सवय आहे त्यांना हे लवकर समजेल. आमच्या स्थानकावर फक्त धीम्या गाड्या थांबतात. जलद गाड्या धडधडत निघून जातात आणि डोक्यावरच्या पुलावरून दिवा-वसई मार्गाची गाडी जाते. अनोळखी माणूस प्रत्येक आवाजाला दचकतो. रोजचा माणूस आवाजावरूनच ओळखतो की ही आपली नव्हे, आणि जागचा हलत नाही. सरावाने भीतीची जागा ओळख घेते. भाऊ म्हणतो, हा खेळ नेमके हेच शिकवितो.

या खेळाविषयी खेळाडूंच्या तक्रारीही पुष्कळ आहेत. सर्वांत जुनी तक्रार म्हणजे दृश्य दाखविणारा कॅमेरा भलत्याच कोनात जातो आणि पडद्याबाहेरचा शत्रू मारून जातो. हरलो तर आपल्या चुकीने हरलो असे वाटले पाहिजे. दिसलेच नाही म्हणून हरलो, तर तो अन्याय होय. अवघडपणा आणि अन्याय यांत फरक आहे, हा या सगळ्या वादातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा. खड्ड्यावरचा पक्षी अवघड असला तरी दिसतो. न दिसणारा वार हा अवघडपणा नव्हे.

खेळाडूंच्या मतांना किंमत असते, याचेही उदाहरण याच मालिकेत आहे. इतागाकी २००८ साली कंपनीतून बाहेर पडले. त्यानंतर २०१२ साली मुख्य मालिकेतला तिसरा नवा खेळ आला. नव्या लोकांना जमावा म्हणून तो बराच सोपा आणि सुटसुटीत केला होता. शस्त्रांची विविधता गेली होती. जुने खेळाडू तर नाराज झालेच, पण नवेही फारसे खूष झाले नाहीत. अखेर त्याच वर्षी 'रेझर्स एज' नावाने त्याची दुरुस्त आवृत्ती काढावी लागली आणि काढून टाकलेल्या कितीतरी गोष्टी परत आल्या. मध्यंतरी बरीच वर्षे मालिका थंड होती. मग २०२५ साली जुन्या पद्धतीचा 'रेजबाउंड' हा स्पेनमधल्या मंडळींनी केलेला खेळ आणि पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये चौथा भाग, असे दोन्ही आले. इतागाकी यांचे निधनही त्याच ऑक्टोबरात, चौथा भाग बाजारात येण्याच्या काही दिवस आधी झाले.

रिबन

आता मुख्य वादाकडे वळते.

२००४च्या खेळात पहिल्याच प्रकरणाच्या शेवटी मुराई नावाचा म्हातारा गुरू भेटतो. त्याच्या हातात दोन दांड्यांचे साखळीने जोडलेले नुन्चाकू असते. सहसा खेळातला पहिला मोठा शत्रू सोपा असतो. मुराई तसा नाही. हजारो खेळाडू पहिल्या दारातच अडकले. तेव्हा २००५ साली निघालेल्या 'निन्जा गायडेन ब्लॅक' या सुधारित आवृत्तीत एक सोपी वाट ठेवण्यात आली. सुरुवातीलाच वारंवार मरणाऱ्या खेळाडूला खेळ विचारतो, की निन्जाचा मार्ग सोडून सोपा मार्ग धरतोस काय? होय म्हटले, तर खेळ सोपा होतो. पण त्या पातळीचे नाव आहे 'निन्जा डॉग', म्हणजे निन्जा-कुत्रा! आणि नायकाच्या दंडाला एक रिबन बांधली जाते. पुढे संपूर्ण खेळभर ती रिबन दिसत राहते.

या रिबनवर खेळाडूंचे एकमत नाही. एक पक्ष म्हणतो, हा खेळीमेळीचा टोमणा आहे. त्याने चीड येते आणि माणूस ईर्ष्येने शिकतो. दुसरा पक्ष म्हणतो, मदत करायची तर अपमान कशाला? चौथ्या भागात सोप्या पातळीला 'हीरो' असे सरळ नाव आहे आणि तिच्यात बचाव आपोआप होण्याची सोय आहे, हे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मान्य झाल्याचे चिन्ह समजायला हरकत नाही.

मी स्वतः हे अनुभवले आहे. डोंबिवलीत तासाच्या हिशेबाने खेळू देणारे एक दुकान आहे. नवीन यंत्र घ्यायचे म्हणजे आमच्या घरच्या कित्येक महिन्यांच्या वाणसामानाचे पैसे; म्हणून भाऊ तिथे जातो. एका रविवारी मीही गेले. आत सगळे मुलगेच होते. मुराईने मला एकामागून एक वेळा लोळविले आणि तो प्रश्न पडद्यावर आला. मागे उभी असलेली मुले हसली. मी 'नाही' म्हटले. पुन्हा मेले, पुन्हा 'नाही' म्हटले. तास संपला. पहिल्या दाराबाहेरचे काहीही न पाहता मी घरी आले.

परतताना मला भलतीच गोष्ट आठवली. ती लिहावी की नाही असा बराच विचार केला. पण ती वगळली तर हा लेख खोटा होईल.

आमच्या घराण्यात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. बाबा एमआयडीसीत पाळीवर जातात, आई चार घरची पोळीभाजी करते. प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्रात माझा इंग्रजीचा पेपर राहिला. 'केटी' हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला आणि घरी समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. बाबा एवढेच म्हणाले, "म्हणजे पास का नापास?" अशा विद्यार्थ्यांसाठी जादा तासिकांची सोय होती. शिकविणाऱ्या मॅडम मनापासून शिकवीत असत. पण त्या तासिकांना बसणाऱ्यांची नावे फलकावर लागली होती, 'कच्चे विद्यार्थी' अशा मथळ्याखाली. त्या यादीत माझे नाव वाचणाऱ्या मैत्रिणी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी त्या तासिकांना गेले नाही. एकही दिवस गेले नाही. ग्रंथालयात पुस्तक उघडून बसले आणि एकटीने पाठ करीत राहिले. पेपर दुसऱ्यांदाही राहिला.

पुन्हा फॉर्म भरायचा तर पुन्हा फी. बाबांनी काही न बोलता पैसे दिले. चष्म्याची तडकलेली काच बदलायचे त्यांनी त्या महिन्यात पुढे ढकलले, हे मला आईकडून नंतर कळले. तेव्हा मी फलकाकडे न पाहता त्या वर्गात जाऊन बसले. तिसऱ्या खेपेला पेपर सुटला. मला जे पाठ करूनही उमगत नव्हते, ते मॅडमनी दोन आठवड्यांत दाखवून दिले. वाक्य कोठून मोडायचे आणि क्रियापद कोठे शोधायचे, इतकीच ती गोष्ट होती. मला पडद्याबाहेरून मारणारा शत्रू त्यांनी पडद्यावर आणून उभा केला.

म्हणून दुकानात त्या मुलांसमोर मी पुन्हा 'नाही' म्हटले, याची मला घरी येताना लाज वाटली. जी चूक एका फीच्या पैशांना पडली होती, तीच मी तासाच्या पैशांना पुन्हा केली होती.

माझे मत

मामाचे म्हणणे मी अर्धे मानते. अवघड गोष्ट अवघडच राहावी. ती सोपी करून हातात दिली, तर २०१२च्या खेळासारखी कोणालाच नको होते. जो सहावा अंक पार करतो त्याच्या आनंदात आपण पाणी घालू नये. परंतु मामाला अमर्याद संधी होत्या आणि सुट्टीही होती. ज्याला दर वेळी नाणे टाकावे लागते, त्याला "पुन्हा पहिल्यापासून ये" हे वाक्य तेवढे गोड लागत नाही. परीक्षा ही त्या पेटीतल्या खेळासारखी आहे, कॅसेटमधल्या खेळासारखी नव्हे. तिच्या डोक्यावर करवत फिरत असते.

भावाचे म्हणणेही मी अर्धे मानते. नुसत्या घोकंपट्टीने पुढे जाता येत नाही, समोरचे पाहून उत्तर द्यावे लागते, हे खरे. परंतु रिबन ही केवळ थट्टा आहे असे तो म्हणतो, ते मला पटत नाही. तो म्हणतो, "त्या रिबनच्या रागानंच मी मुराईला हरवलं." असेल. पण रागावून परत येणारे आपल्याला दिसतात. लाजून न परतणारे दिसत नाहीत. त्यांची मते कोणी विचारीत नाही, कारण ते खेळ सोडून गेलेले असतात. माझ्याबरोबर त्या यादीत जी नावे होती, त्यांतली सगळी द्वितीय वर्षात आलेली नाहीत.

तेव्हा सोपी वाट असावी, पण तिच्यावर कुत्र्याचे नाव नसावे, असे माझे मत आहे. आपल्या गुरुजनांनाही या निमित्ताने एक नम्र विनंती करते. जादा तासिका जरूर चालू ठेवाव्यात, त्यांच्यामुळेच मी आज हा लेख लिहीत आहे. फक्त नावे फलकावर न लावता ज्याची त्याला सांगावीत.

जाता जाता आपल्या जवळची एक गोष्ट. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यातली नायिका राजी ही डोंबाऱ्याच्या खेळासारख्या कसरती करणारी मुलगी आहे. धाकट्या भावाला शोधत ती भिंतींवरून धावते, खांबांवरून झेपावते आणि त्रिशूळ घेऊन राक्षसांशी लढते. राजस्थानी वाडे आणि पहाडी शैलीची चित्रे यांतून त्याचे जग उभे केले आहे. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नवोदितांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले होते. त्याच्या चित्रांची सर्वांनी वाखाणणी केली. लढाईला अजून धार हवी आणि शेवट फार अचानक होतो, अशा तक्रारीही झाल्या. म्हणजे आता आपल्या मातीतल्या खेळाविषयीही आपल्याला हक्काने भांडता येईल. ते भांडण मराठीतून व्हावे, आणि त्यात मुलींनीही मत मांडावे, एवढीच इच्छा.

हा लेख मी घरी वाचून दाखविला. मामा म्हणाला, पक्ष्यांविषयी कमी लिहिलेस. भाऊ म्हणाला, मुराईला आधी हरव, मग मत दे. बाबांनी नवा चष्मा पुसला आणि विचारले, "मग तो म्हातारा हरतो का नाही शेवटी?"

मला अजून माहीत नाही. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. या वेळी प्रश्न आला तर 'होय' म्हणणार आहे, आणि रिबन बांधून पुढचे दार उघडणार आहे.